कापसाच्या पेढीसाठी लॅपटॉप : अमळनेर तालुक्यातील एक प्रकरण

अमळनेर तालुक्यातील एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या, पेढीचे जीएसटी आणि आयकराचे काम मी अनेक वर्षांपासून पाहतो. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पेढीचे मालक, ज्यांना गावात लहानथोर सगळेच नाना म्हणतात, एका दुकानदाराने दिलेले कोटेशन घेऊन माझ्याकडे आले. कोटेशन गेमिंग लॅपटॉपचे होते : इंटेलचा आय-५ १२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची १४४ हर्ट्झची स्क्रीन, वजन सुमारे २.३ किलो आणि किंमत करासह पंचाहत्तर हजारांच्या आसपास. नानांचा धाकटा मुलगा जळगावला अभियांत्रिकी शिकतो. निवड त्याची होती आणि दुकानदारानेही ती उचलून धरली होती. नानांनी कागद टेबलावर सरकवला आणि विचारले, "साहेब, हाई मशीन आपला कामनं शे का?" म्हणजे हे यंत्र आपल्या कामाचे आहे का.

प्रश्न साधा होता, पण त्यातील 'आपला कामनं' या दोन शब्दांचे उत्तर माझ्यापाशीही तयार नव्हते. पेढीचे काम मी विवरणपत्रांच्या बाजूने ओळखत होतो. ते काम ज्या यंत्रावर होते, त्या यंत्रासमोर मात्र मी कधी तासभरही बसलो नव्हतो. म्हणून कोटेशनवर मत देण्याआधी दोन दिवस पेढीवर येऊन बसण्याची परवानगी मी मागितली.

पेढीचा जुना लॅपटॉप जीएसटी लागू झाला त्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये घेतलेला होता. त्यात आय-५ ७२००यू हा सातव्या पिढीचा दोन कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची १ टीबी हार्ड डिस्क होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार असल्याचे जाहीर केले होते, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. वर्षभराची वाढीव सुरक्षा सोय घेऊन दिवस ढकलता आले असते. परंतु बँकेचे व्यवहार, डिजिटल स्वाक्षरी आणि जीएसटी पोर्टल ज्या यंत्रावर चालते, ते नेमके कापसाच्या हंगामाच्या तोंडावर असे अर्धवट ठेवणे मला योग्य वाटले नाही. नवीन यंत्र घ्यायचे, एवढे ठरलेलेच होते.

काम प्रत्यक्षात कसे चालते

पेढीचा हिशेब नानांच्या थोरल्या सूनबाई पाहतात. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत आणि मी त्यांना ताई म्हणतो. हंगामात त्यांचा दिवस काट्यावरून आलेल्या काटापट्ट्यांनी सुरू होतो. शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव, हमाली आणि तोलाई पाहून खरेदीची नोंद टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये करायची. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर जीएसटी रिव्हर्स चार्जने म्हणजे खरेदीदारालाच भरावा लागतो, त्यामुळे प्रत्येक नोंद त्याच खात्यात जाते आहे ना, हे पाहावे लागते. दुपारनंतर रुईच्या गठाणींचे ट्रक निघतात. पेढीची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने विक्रीचे बिल ई-इन्व्हॉइसने, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवूनच काढावे लागते, आणि गाडीचा क्रमांक टाकून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, तयार झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर काढता येत नाही. या सगळ्याच्या जोडीला एक्सेलमध्ये गठाणींचा साठा, ब्राउझरमध्ये बँक आणि जीएसटी पोर्टल, आणि दलालांचे निरोप येतात म्हणून दिवसभर उघडे असलेले व्हॉट्सॲप. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे विवरणपत्र जीएसटीआर-१ आणि २० तारखेला कर भरण्याचे विवरणपत्र जीएसटीआर-३बी, हे वेळापत्रक वेगळेच.

यातील प्रत्येक काम चालू असताना यंत्राच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडून ठेवला होता. प्रोसेसर बराच वेळ निवांत असे, मध्येच उसळी घेई आणि पुन्हा खाली येई. रॅम मात्र सतत भरलेली होती आणि डिस्कचा आकडा वारंवार १०० टक्क्यांना टेकून तिथेच थांबत होता. ताई टॅलीतून ब्राउझरकडे वळल्या की पडदा काही क्षण पांढरा होई आणि त्या तेवढ्यात पुढची पट्टी हातात घेत. आठ वर्षांच्या सवयीने त्यांनी यंत्राची वाट पाहणे कामातच बसवून टाकले होते. ग्राफिकचा आलेख दिवसभर तळाला चिकटून राहिला.

गेमिंग लॅपटॉपची किंमत मुख्यतः ज्या भागासाठी मोजायची, त्या ग्राफिक कार्डाला या पेढीत दिवसभरात काहीच काम नव्हते. टॅलीला, एक्सेलमधील बेरजांना किंवा पोर्टलच्या पानांना वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. प्रोसेसरसोबत येणारे अंगभूत ग्राफिक त्यासाठी पुरेसे असते. १४४ हर्ट्झची स्क्रीन धावत्या दृश्यासाठी असते, खातेवहीचे आकडे तर जागचे हलत नाहीत. याउलट ज्या दोन गोष्टी काम अडवत होत्या, म्हणजे रॅम आणि डिस्क, त्या गेमिंगच्या यंत्रात जितक्या मिळतात तितक्याच साध्या कामाच्या यंत्रातही मिळतात.

नानांच्या मुलाची बाजू मी मुद्दाम नीट ऐकून घेतली. त्याचे म्हणणे पोरकट नव्हते. गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था भक्कम असते, रॅम बहुधा बदलता येते, आणि 'जे जड काम पेलते त्याला हलके काम काय जड' हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पेढीऐवजी एखाद्या वास्तुरचनाकाराचे कार्यालय असते, त्रिमितीय आराखडे किंवा चित्रफितींचे संपादन असते, तर मीही त्याच्याच बाजूने मत दिले असते, कारण तिथे ग्राफिक कार्ड हेच कामाचे साधन ठरते. हलके काम जड यंत्रावर होते हे खरेच आहे, परंतु त्या जडपणाचा खर्च वजनात, बॅटरीत आणि आवाजात रोज द्यावा लागतो. ताईंना लॅपटॉप सकाळी घरून जिनिंगवर, संध्याकाळी परत घरी आणि आठवड्यातून एकदा अमळनेरला माझ्याकडे आणावा लागतो. २.३ किलोचे यंत्र आणि वर अर्ध्या किलोहून जड अडॅप्टर हे ओझे रोज त्यांच्याच खांद्यावर येणार होते.

ऊन आणि रुई

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी जुना लॅपटॉप उघडून पाहायचे ठरले, कारण त्याचा पंखा घरघरत होता. मागचे झाकण काढले तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये राखाडी-पांढऱ्या रंगाचा, बोटाने उचलता येईल असा सलग थर निघाला. रुईचे बारीक तंतू आठ वर्षे हवेबरोबर आत ओढले गेले होते आणि धुळीबरोबर दाबले जाऊन त्यांचे घोंगडीसारखे कापड तयार झाले होते. ताईंनी तो तुकडा उजेडाकडे धरला, तर आरपार काही दिसेना. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात हा आपोआप बंद पडायचा, तेव्हा आम्ही खाली ओला फडका ठेवलेला पाट सरकवत होतो." त्यांनी पुन्हा तसे करू नये, असे मी त्यांना लगेच सांगितले. विजेच्या उपकरणाखाली ओल असणे धोक्याचे असते.

खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणे नवलाचे नाही, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारायलाच नको. बहुतेक लॅपटॉप कंपन्या वापरासाठी भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. या मर्यादेपलीकडे प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. अशा ठिकाणी मूळचीच कमी उष्णता निर्माण करणारे यंत्र घेणे शहाणपणाचे असते. इंटेलच्या नावामागचे अक्षर इथे कामाला येते : 'यू' अक्षराच्या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा साधारण १५ वॉट असते, तर कोटेशनमधील 'एच' प्रोसेसरची ४५ वॉट, आणि त्यावर ग्राफिक कार्डाची वीज वेगळी. साध्या कामात एवढी वीज सतत लागत नाही हे मान्य केले, तरी दोन मोठे पंखे आणि तळाला रुंद जाळ्या असलेले यंत्र रुई उडणाऱ्या जागी ठेवणे म्हणजे तंतू ओढून घेण्याचीच सोय करणे होय. माझ्या मते गेमिंग लॅपटॉप नाकारण्याचे इतर कोणतेही कारण नसते, तरी हे एक पुरेसे होते.

मग पंखाच नसलेले यंत्र का घेऊ नये? मॅकबुक एअरमध्ये पंखा नसतो आणि रुईच्या दृष्टीने तो आदर्श ठरला असता. पण टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि आडवळणाने ते मॅकवर चालवत बसण्याइतकी फुरसत हंगामात कोणाला नसते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉपही बॅटरी पुष्कळ टिकते म्हणून मोह घालत होते. त्यांच्यावर जुने प्रोग्राम अनुकरणाने चालतात, परंतु उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण यंत्राशी जोडून देणारे प्रोग्राम, तसे चालत नाहीत, ते त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र बनवलेले असावे लागतात. पेढीत डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन आहे, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, आणि अडीअडचणीला वजनकाट्याची केबलही याच लॅपटॉपला जोडतात. या तिघांपैकी एकाचाही ड्रायव्हर मिळाला नाही, तर ट्रक फाटकात उभा राहील. म्हणून इंटेल किंवा एएमडीचा नेहमीचा प्रोसेसर, हे पक्के केले.

माझी चूक आणि ताईंचा डावा अंगठा

या टप्प्यावर मी जी शिफारस लिहून काढली ती अशी होती : १४ इंची, दीड किलोच्या आतले, 'यू' वर्गातील प्रोसेसरचे, व्यावसायिक मालिकेतील यंत्र. वजन, बॅटरी आणि उष्णता या तिन्ही बाजूंनी ती बिनचूक होती. ताईंनी कागद वाचला, काही बोलल्या नाहीत, आणि काटापट्ट्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

मी तोवर त्यांचा पडदाच पाहत आलो होतो, हात पाहिले नव्हते. डाव्या हाताच्या अंगठ्याने त्या गठ्ठ्यातील एकेक पट्टी उलटत होत्या आणि तोच हात पट्टी दाबून धरत होता. उजव्या हाताची बोटे कीबोर्डच्या उजवीकडील नमपॅडवर, म्हणजे आकड्यांच्या वेगळ्या कळ्यांवर, पाचाच्या कळीवरचा उंचवटा चाचपून, न पाहता आकडे टाकत होती. नजर कागदावर, मान खाली, आणि एन्टरचा आवाज एका लयीत. १४ इंची यंत्रात नमपॅड नसतो. तिथे आकडे वरच्या ओळीत असतात आणि ते वेगाने टाकायला दोन्ही हात लागतात, म्हणजे पट्टी धरायला हात उरत नाही. वेगळा यूएसबी नमपॅड हजाराच्या आत मिळतो असे मी सुचवले, त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "आणि तो घरी राहिला त्या दिवशी?" शिफारशीचा कागद मी घडी करून खिशात ठेवला.

आकड्यांवर चालणाऱ्या कामात कीबोर्ड हाच लॅपटॉपचा मुख्य भाग आहे, हे त्या दिवशी मला कळले, आणि करसल्लागार म्हणून ते मला आधीच कळायला हवे होते. नवा शोध १६ इंची, नमपॅड असलेल्या, तरीही दोन किलोच्या आतल्या यंत्राचा सुरू झाला. या आकारात १९२० × १२०० ची स्क्रीन मिळते. नेहमीच्या १०८० ओळींपेक्षा तिला १२० ओळी अधिक असतात, म्हणजे एक्सेलच्या पानात पाच-सहा रांगा जास्त दिसतात. काचेसारखी चकचकीत स्क्रीन मी टाळायला सांगितली, कारण ताईंचे टेबल दारासमोर आहे आणि अंगणातले ऊन थेट पडद्यावर येते.

खरेदी

जळगावला आम्ही एका रविवारी गेलो आणि गोलाणी मार्केटसह तीन ठिकाणी यंत्रे पाहिली. मुलगाही सोबत होता आणि त्याचा उपयोगच झाला, कारण प्रोसेसरच्या नावांतील खाचाखोचा त्याला माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे एका आकड्याने वेगळी दिसतात. पण एएमडीच्या त्या क्रमांकात तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो : पहिल्यात झेन २ ची चार कोअरची रचना आहे, दुसऱ्यात झेन ३ ची सहा कोअरची. एका दुकानात पहिल्या प्रोसेसरचे यंत्र '७००० मालिका, अगदी नवे' म्हणून पुढे केले गेले, तेव्हा हे त्यानेच दाखवून दिले.

दुसरे एक यंत्र दिसायला फार देखणे होते, धातूचे आणि सडपातळ. त्यात ८ जीबी रॅम मदरबोर्डावर कायमची जोडलेली होती आणि वाढवायला मोकळी खाच नव्हती. जुने यंत्र ८ जीबीवरच गुदमरत होते, मग नवे यंत्र तेवढ्याच रॅमवर पुढची सहा-सात वर्षे कसे काढणार? देखणेपणाचा विषय तिथेच संपला.

अखेर निवडलेले यंत्र व्यावसायिक मालिकेतील होते : १६ इंची, आय-५ १३३५यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एक मोकळी खाच, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, वजन १.८ किलोच्या आसपास, ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर, जुन्या आकाराची दोन यूएसबी तोंडे आणि केबलने नेट जोडण्याची सोय. दुकानात ताईंनी स्वतःच्या बटव्यातून स्वाक्षरीचे टोकन काढून दोन्ही तोंडांत लावून पाहिले, घरून आणलेल्या दहा काटापट्ट्या एक्सेलमध्ये टाकून पाहिल्या आणि मगच मान हलवली. माझ्या मते यापेक्षा चांगली परीक्षा नाही. दुकानातल्या यंत्रावर चालणाऱ्या रंगीत चित्रफितीतून स्वतःच्या कामाबद्दल काहीच कळत नाही.

हमीच्या बाबतीत मी हट्ट धरला. जुना लॅपटॉप एकदा ऐन डिसेंबरात एका सेवा केंद्रात तीन आठवडे पडून होता आणि त्या काळातील बिले माझ्या कार्यालयातून काढावी लागली होती. म्हणून जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची तीन वर्षांची हमी घेतली. ती घेताना 'ऑन-साइट' या शब्दावर समाधान न मानता, कंपनीच्या मदत क्रमांकावर गावाचा पिनकोड सांगून अभियंता तिथे येतो का, हे विचारून घेतले, आणि बिल झाल्यावर यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची मुदत तपासली.

एका दुकानदाराने २२ सप्टेंबरपर्यंत थांबा, जीएसटी कमी होणार आहे, असे सांगितले होते. नवे दर त्या तारखेपासून लागू होणार होते हे खरे, पण लॅपटॉपवर आधीपासूनच १८ टक्के होता आणि तो तसाच राहिला. थांबण्यात काही अर्थ नव्हता.

हमीसह मूळ किंमत ६२,००० रुपये, त्यावर जीएसटी ११,१६० रुपये, एकूण ७३,१६० रुपये. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेतल्याने ११,१६० रुपयांचे क्रेडिट मिळाले, म्हणजे तेवढी रक्कम पेढीला भरायच्या जीएसटीतून वजा झाली. क्रेडिट घेतले की त्या रकमेवर घसारा (यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मागता येत नाही, म्हणून घसारा ६२,००० रुपयांवर धरला. आयकरात संगणकाला घसारा ४० टक्के मिळतो. सप्टेंबरातच वापर सुरू झाल्याने वर्षाअखेर १८० दिवस पुरे झाले आणि पहिल्या वर्षी पूर्ण २४,८०० रुपये वजा मिळाले. हीच खरेदी दिवाळीच्या सवलतीची वाट पाहत लांबली असती, तर निम्मेच, म्हणजे १२,४०० रुपये मिळाले असते. मुलाच्या गेमिंग लॅपटॉपबाबतही हाच हिशेब मी नानांसमोर मांडला होता : यंत्र दिवसा पेढीचे आणि रात्री खेळाचे असेल, तर खासगी वापरापुरते क्रेडिट नियमात बसत नाही.

हंगामातील अनुभव

टॅलीतून पोर्टलवर जाताना पडदा आता पांढरा होत नाही. दुपारी वीज गेली तरी ताईंचे काम बॅटरीवर चालू राहते, एवढेच की नेट टिकावे म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा लागला. क्रेडिटमधून वाचलेल्या पैशांतून घरच्या टेबलासाठी २४ इंची मॉनिटर घेतला आणि महिनाअखेरीस एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल ठेवून ताळमेळ घेणे त्यांना सोपे झाले. उणिवाही आहेत. नमपॅडमुळे टचपॅड मधोमध नसून डावीकडे सरकलेला आहे आणि तळहात त्यावर टेकून कर्सर भलतीकडे जात असे. पहिले दहा-बारा दिवस ताई त्यामुळे वैतागल्या होत्या, मग माउस जोडला की टचपॅड आपोआप बंद होईल अशी मांडणी करून दिली. स्पीकरचा आवाज इतका बेताचा आहे की जिनिंग चालू असताना फोनवरचे बोलणे त्यातून ऐकू येत नाही.

रुईचा प्रश्न यंत्र बदलल्याने सुटलेला नाही, तो लांबणीवर पडला आहे. लॅपटॉप आता टेबलावर थेट न ठेवता उंच स्टँडवर असतो आणि दर दोन महिन्यांनी, पंख्याची पाती काडीने अडवून, हातब्लोअरने जाळी साफ केली जाते. पाती मोकळी ठेवून जोराची हवा मारली तर पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरून खराब होऊ शकतो. एप्रिल-मे मध्ये यंत्र पत्र्याच्या खोलीतून आतल्या धाब्याच्या खोलीत न्यायचे, हेही ठरले आहे.

जुना लॅपटॉप नानांनी भंगारात दिला नाही. त्यातील हार्ड डिस्क काढून पेढीची जुनी माहिती प्रतीसह जपून ठेवली, त्या जागी लहान एसएसडी बसवली आणि मुलाने सुट्टीत येऊन त्यावर फक्त काट्याचा प्रोग्राम टाकून दिला. नेट न जोडता तो आता वजनकाट्याच्या खोलीत काटापट्ट्या छापतो.